पायवाटेवर माणसांपासून असलेला धोका: ट्रेकमध्ये लूट, छळ आणि हल्ला कसा टाळायचा

डोंगरात जीव जातो तो बहुतेक वेळा पाय घसरून, पाण्यात वाहून जाऊन, थंडीने किंवा हृदयविकाराने. माणसाच्या हातून जीव जाणं फार विरळा. अमेरिकेतली अपालेचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. तिच्यावर दरवर्षी लाखो लोक पाय ठेवून जातात आणि १९७४ पासून तिथे झालेल्या खुनांचा आकडा डझनभराच्या आसपास आहे. मात्र गाडी फोडून चोरी, पाठलाग, नको ती लगट, पिऊन आलेल्या टोळक्याची दमदाटी यांची धड नोंदही होत नाही, आणि ट्रेकरची गाठ पडते ती जास्त करून यांच्याशीच. तयारी यांना धरून करावी. मोठ्या हल्ल्यासाठी लागणारी बरीचशी तयारी त्यातच होऊन जाते.

स्प्रे घ्यावा की चाकू, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पण बचावाचं खरं काम हल्ल्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत होतं, आणि ते काम म्हणजे तिथून निघून जाणं. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं हे निघणं लवकर आणि सोपं कसं करायचं याबद्दलच आहे.

निघण्याआधी

घरी राहणाऱ्या एकाच माणसाकडे लेखी माहिती द्या. त्यात हवं ते असं: कोणती वाट, कुठून चढणार, कुठे उतरणार, मुक्कामाच्या जागा, ऐनवेळी बदललं तर दुसरी वाट कोणती, सोबत्यांची नावं आणि फोन नंबर, गाडीचा नंबर आणि ती कुठे लावणार, अंगावरच्या कपड्यांचा आणि सॅकचा त्या दिवशीचा फोटो. बुटाच्या तळव्याचाही फोटो काढून ठेवा. शोधपथकाला चिखलातले शंभर ठसे वेगळे करताना तोच उपयोगी पडतो.

वेळा दोन द्यायच्या. एक परतण्याची, दुसरी आरडाओरडा सुरू करण्याची. उदाहरणार्थ, ‘पाचपर्यंत खाली येईन, नऊपर्यंत माझा फोन आला नाही तर या क्रमाने या नंबरांना फोन कर.’ मधले चार तास रेंज नसणं, पाऊस, मुरगळलेला पाय यांसाठी. ‘रात्रीपर्यंत येतो’ असं मोघम सांगितलं की घरचे मध्यरात्रीपर्यंत वाट बघतात आणि मग सकाळ होऊ द्या म्हणतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पंधरा जणांच्या ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होणं. प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघत असेल. आणि खाली उतरल्यावर ‘पोचलो’ हे कळवायला विसरलात की पुढच्या वेळी कुणी घाबरणार नाही.

घरच्यांशी एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. कुणी शेजारी उभं असताना फोन करावा लागला तर ‘कुंड्यांना पाणी घातलंस का?’ म्हणजे मी अडचणीत आहे, लोकेशन बघ आणि पोलिसांना कळव.

चालू ट्रेकचे फोटो जागेच्या नावासह लगेच टाकू नका, तिथून हलल्यावर टाका. धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असते, ती चालू करा. रोज एकाच वेळी एकाच टेकडीवर जाणाऱ्या माणसाचा नकाशा अनोळखी लोकांसाठी उघडा ठेवणं यासारखं सोपं आमंत्रण नाही. आणि ज्यांना जुन्या जोडीदाराकडून किंवा पाठलाग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून धोका आहे त्यांच्यासाठी सगळा हिशेब उलटा असतो: फोनमधलं लोकेशन शेअरिंग कुणाकुणाला दिलेलं आहे ते आधी तपासा, सॅकच्या कप्प्यांत आणि गाडीत ट्रॅकर आहे का ते बघा, नेहमीची वाट आणि वेळ बदला.

गाडी आणि लिफ्ट

गाडी फोडणारे वाट सुरू होते त्या जागेवर नजर ठेवून असतात. लॅपटॉप, कॅमेरा डिकीत ठेवायचा असेल तर तो तिथे पोचण्याआधी, वाटेतच कुठेतरी ठेवा. पार्किंगमध्ये उतरून डिकी उघडून सामान लपवणं म्हणजे चोराला दाखवून ठेवणं. ट्रेकचं वेळापत्रक लिहिलेला कागद डॅशबोर्डवर नको. परतल्यावर किल्ली आधी हातात घ्या आणि मगच गाडीजवळ जा. तिथेच बसून बूट बदलण्याची आणि फोटो बघण्याची सवय वाईट. दारं बंद करून थोडं पुढे जा, मग थांबा.

लिफ्ट घ्यावीच लागली तर सॅक मांडीवर किंवा हाताशी ठेवा. ती डिकीत गेली की उतरणं तुमच्या हातात राहत नाही. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून चालकासमोरच पाठवा आणि तसं हसत सांगाही. भल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. कुठे चाललात हे आधी त्याला विचारा, स्वतःचं ठिकाण नंतर सांगा.

सोबती

लोक परक्यांना घाबरतात आणि ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाबरोबर चार दिवस जंगलात जातात. पहिली भेट गजबजलेल्या जागी, दुसरी एका दिवसाच्या ट्रेकला, मुक्काम त्यानंतर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतःचा नकाशा, खाणं, पाणी शुद्ध करायची सोय, टॉर्च, पैसे आणि झोपायची व्यवस्था स्वतःकडे असावी. एकच तंबू आणि तोही त्याच्या सॅकमध्ये, नकाशा त्याच्याच फोनमध्ये, अशी वाटणी वजनाला बरी, पण सोबत्याचा हात अंगाला लागू लागला किंवा तो दारू पिऊन त्रास द्यायला लागला तर वेगळं होता येत नाही. निसटायची दुसरी वाट नकाशावर आधीच बघून ठेवा.

ग्रुपने जाताना नेता कोण, प्रथमोपचार कोणाला येतात, रात्री स्त्रियांच्या झोपण्याची व्यवस्था काय हे पैसे भरण्याआधी विचारा. या प्रश्नांवर चिडणाऱ्या आयोजकाबरोबर जाऊ नका.

वाटेत भेटणारा माणूस

फाटके कपडे, सॅक नसणं, विडी ओढत बसणं ही धोक्याची खूण नाही. गुराखी, लाकूडफाटा गोळा करणारे, जवळपासचे रहिवासी तसेच दिसतात आणि वाट त्यांचीच आहे. बघायचं ते वागणं.

पहिली खूण म्हणजे प्रश्नांचा रोख. ‘पुढे पाणी आहे का’ हा वाटेवरचा प्रश्न. ‘एकटेच आहात का, रात्री कुठे थांबणार, मागे कुणी आहे का’ हे तुमच्याविषयीचे प्रश्न. त्यांना खरं उत्तर देण्याचं काही बंधन नाही. ‘चौघं आहोत, दोघं मागून येतायत, संध्याकाळी खाली उतरणार’ एवढं सहज म्हणा. खोटं आधीच ठरवलेलं असावं, ऐनवेळी रचलेलं अडखळतं. मुक्कामाची खरी जागा कुणालाच सांगू नका, अगदी छान गप्पा झाल्या तरी.

दुसरी खूण अधिक पक्की: नकार न ऐकणं. ‘नको, मी एकटी चालते’ म्हटल्यावर भला माणूस पुढे जातो किंवा मागे राहतो. जो पुन्हा आग्रह करतो, सॅकला हात लावतो, ‘एवढं काय घाबरता’ म्हणतो, तुम्ही थांबलात की थांबतो आणि वेग वाढवलात की वाढवतो, त्याच्याशी सभ्यपणा तिथेच संपवा. स्पष्ट, मोठ्या आवाजात आणि छोट्या वाक्यात सांगा: ‘तिथेच थांबा. जवळ येऊ नका.’ स्पष्टीकरण देऊ नका. स्पष्टीकरणाला उत्तर देता येतं आणि मग बोलणं लांबतं.

पाठलागाचा संशय आला तर खात्री करण्याची साधी रीत: मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या जागी वाटेच्या कडेला उभे राहा, बुटाची नाडी बांधायला खाली न बसता पाणी प्या, त्याला पुढे जाऊ द्या. तो गेला नाही तर आलात त्या वाटेने, माणसं शेवटची जिथे दिसली होती तिकडे परत चला. शिखर तिथेच राहील. पुढे निर्जन भागात वेगाने निघून जाणं हा सगळ्यांत जास्त केला जाणारा आणि सगळ्यांत वाईट उपाय, कारण प्रत्येक पावलागणिक तुम्ही मदतीपासून लांब जाता. भेटलेल्या पहिल्या गटाला थेट विचारा: ‘तो माणूस मागे लागलाय, तुमच्याबरोबर खालपर्यंत येऊ का?’ नाही म्हणणारे क्वचितच भेटतात.

अंतराचा अंदाज डोळ्यांत बसवा. १९८३ मध्ये अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी मोजून दाखवलं की धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे सव्वासहा-साडेसहा मीटर, सुमारे दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात सॅकच्या कप्प्यातून काहीही बाहेर निघत नाही. संशय आला की अंतर दहा मीटरच्या वर ठेवा आणि मध्ये झाड, खडक, ओंडका असं काहीतरी असू द्या. त्याच वेळी कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. बारा-पंधरा किलोची सॅक घेऊन पळता येत नाही, ती खांद्यावरून सरकवून टाकता आली पाहिजे. ट्रेकिंग पोलच्या मनगटातल्या फितीतून हात बाहेर काढा, नाहीतर पोल धरला गेला की हातही अडकतो. कानातले इअरफोन तर कधीच काढलेले असायला हवेत.

फोन, ओळखपत्र, गाडीची किल्ली आणि थोडे पैसे सॅकमध्ये नाही, अंगावर. सॅक गेली तरी घरी पोचता येतं.

माणूस न दिसताही मागे फिरायची एक वेळ असते. वाटेपासून दूर झाडीत काळे पाण्याचे पाईप पसरलेले, खतांच्या रिकाम्या गोण्या, झाकलेली झोपडी दिसली तर ती बेकायदा गांजाची लागवड असू शकते. कॅलिफोर्नियाच्या जंगलांत असे प्रकार वारंवार सापडले आहेत. शिकारीचे फास, चोरटी तोड, चोरटं खाणकाम यांनाही हेच लागू. फोटो काढू नका, हाका मारू नका, आलात त्याच पावलांनी परत जा आणि जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, खाली उतरल्यावर कळवा.

मुक्काम

अपालेचियन ट्रेलची देखभाल करणारी संस्था गाडीरस्त्याच्या जवळ मुक्काम करू नका, तिथे रेंगाळू नका असं वर्षानुवर्षं सांगत आली आहे, आणि हा नियम कुठल्याही डोंगराला लागू पडतो. त्रास देणारा माणूस सहसा सॅक पाठीवर घेऊन दहा किलोमीटर चढत नाही. रस्त्यापासून तासभर चालल्यावरची जागा निवडा. रस्त्यालगतच्या निवाऱ्यात बाटल्या, कचरा, ताज्या शेकोट्या दिसल्या तर तिथे शनिवारी रात्री काय चालतं ते सांगायला कुणी लागत नाही.

पर्याय दोनच चांगले: बरीच माणसं असलेला मुक्काम, नाहीतर कुणालाही न दिसणारा. मधलं, म्हणजे वाटेवरून स्पष्ट दिसणारा एकटा तंबू, सगळ्यांत वाईट. एकट्याने झोपायचं असेल तर संध्याकाळचं जेवण एका जागी बनवा, खा, आणि मग अर्धा तास पुढे चालून अंधार पडता पडता दुसरीकडे तंबू लावा. वाटेपासून आणि पाण्यापासून किमान ६० मीटर आत, उंचवट्याआड. भडक रंगाचा तंबू डोंगरात हरवलात तर वरदान, पण इथे अडचण. हेडटॉर्च आत लावलीत तर तो कंदिलासारखा उजळून दूरवर दिसतो. शेकोटी नको.

झोपताना बूट आत, नाड्या सैल करून, पाय सरकन जाईल असे. हेडटॉर्च, फोन, शिट्टी, जॅकेट, ओळखपत्र आणि अर्धा लिटर पाणी एका छोट्या पिशवीत उशाशी. स्लीपिंग बॅगमधून पूर्ण अंधारात बाहेर पडून बूट घालून तंबूबाहेर यायला किती वेळ लागतो ते घरी घड्याळ लावून बघा. अर्ध्या मिनिटात जमलं पाहिजे. अडकते ती बहुधा स्लीपिंग बॅगची चेन, त्यामुळे ती गळ्यापर्यंत ओढू नका.

मे २०१९ मध्ये व्हर्जिनियात याच ट्रेलवर रात्री एका माणसाने चार जणांना तंबूंपाशी येऊन धमकावलं. ते आवरून निघण्याच्या तयारीत असताना तो चाकू घेऊन परत आला. एकाचा जीव गेला, एक जण गंभीर जखमी झाली. धमकी देऊन कुणी गेलं की तंबू गुंडाळत बसायचं नाही. उशाची पिशवी उचलायची आणि निघायचं, सामान उजाडल्यावर चार माणसं घेऊन परत आणता येतं. सगळ्यांनी एकत्र, शक्य तितकं टॉर्च न लावता, आधी ठरवलेल्या खुणेच्या जागी.

मदत बोलावणं

युरोपात आणि भारतात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपत्कालीन फोन लागू शकतो, म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसलं तरी प्रयत्न करा. बोलणं शक्य नसेल किंवा रेंज जेमतेम असेल तर एसएमएस निघून जाण्याची शक्यता जास्त. ब्रिटनमध्ये एसएमएसने ९९९ ला मदत मागता येते, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करून ठेवावी लागते. एसओएससाठी तुमच्या फोनवर कोणतं बटण किती वेळा दाबायचं हे घरी बघून ठेवा. काही फोन ते दाबल्यावर मोठा भोंगा वाजवतात. लपलेले असताना तो नको.

जागा सांगताना अक्षांश-रेखांश दशांशात वाचा. चार दशांश स्थळं म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता, ती पुरते. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावा लागतो. फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी बराच काळ टिकते, आणि थंडीत तो अंगाशी ठेवावा.

रेंजच नसलेल्या भागासाठी पीएलबी (संकटात चालू केला की उपग्रहामार्फत मदतीचा संकेत पाठवणारं छोटं यंत्र) किंवा सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं आणि घेणारं यंत्र). पीएलबी ४०६ मेगाहर्ट्‌झवर कोस्पस-सारसॅट या उपग्रहांच्या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेला संकेत पाठवतो, चालू केल्यावर किमान २४ तास चालतो, पण काय झालंय ते सांगू शकत नाही. माणसाच्या धोक्यात दुतर्फा संदेशाचं यंत्र जास्त उपयोगी, कारण ‘हल्लेखोर अजून जवळ आहे, पोलीस पाठवा’ हे कळवता येतं. दाट झाडीत किंवा घळीत संदेश जायला वेळ लागतो, मोकळं आकाश शोधा. भारतात अशी सॅटेलाइट यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि त्यापायी परदेशी प्रवाशांना अटकही झाली आहे.

शिट्टी बिनगोळीची घ्या, भिजली तरी वाजते. सॅकच्या छातीपट्ट्यावरची बहुधा दुबळी असते. आल्प्समधला संकेत मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबणं असा आहे, आणि उत्तर मिनिटात तीन. उत्तर अमेरिकेत संकटासाठी तीनच वाजवतात.

स्प्रे, काठी, चाकू

मिरचीचा स्प्रे घ्यायचाच तर आधी कायदा बघा. ब्रिटनमध्ये तो बाळगणं गुन्हा आहे. कॅनडात माणसांसाठीचा स्प्रे निषिद्ध आणि अस्वलांसाठीचा फक्त अस्वलांसाठीच. विमानाच्या केबिनमध्ये कुठलाही चालत नाही.

धारेचा स्प्रे तीन-चार मीटरपर्यंत जातो आणि वाऱ्याला थोडा कमी बधतो. फवारा रुंद पसरतो पण उलट्या वाऱ्यात तुमच्याच डोळ्यांत येतो. तो सॅकच्या खांदापट्ट्यावर, एका हाताने निघेल असा हवा. डोळ्यांवर रोखून एक-दोन सेकंद मारा, लगेच बाजूला सरका आणि निघा. परिणाम बघत उभे राहू नका, कारण नशेतल्या किंवा पिसाळलेल्या माणसावर तो कधीकधी चालतच नाही. तंबूत मारू नका. तीन-चार वर्षांत आतला दाब उतरतो, बाटलीवरची तारीख पाळा. सरावासाठी औषध नसलेल्या बाटल्या मिळतात.

पोल दोन्ही हातांनी धरून अंतर राखायला बरा. तो फिरवून मारलात तर कार्बनचा मोडतो, ॲल्युमिनियमचा वाकतो. चाकूबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: भाकरी कापायला ठेवा. तो वापरायला हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, आणि झटापटीत तो कोणाच्या हातात राहील ते सांगता येत नाही.

हल्ला झालाच तर

वस्तू मागितल्या तर द्या. पाकीट हातात न देता एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा. ‘माझ्याबरोबर चल’ म्हटलं तर मात्र जाऊ नका: वाटेवरून झाडीत किंवा गाडीत नेणाऱ्याला साक्षीदार नको असतात, आणि विरोध करायची सगळ्यांत चांगली जागा तुम्ही उभे आहात तीच. ओरडा, सॅक त्याच्या अंगावर ढकला, डोळे, गळा, गुडघा यांवर मारा. उद्देश जिंकण्याचा नाही, पळायला दोन सेकंद मिळवण्याचा. शक्य असेल तर वाटेने उताराला, माणसांकडे पळा. जंगलात शिरलात तर वळण घेऊन दिसेनासे व्हा, मग खाली बसा आणि फोन सायलेंट करा.

भळाभळा रक्त वाहत असेल तर आधी थेट दाब. हाताच्या किंवा पायाच्या जखमेला टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, जखमेच्या वर पाच-सात सेंटीमीटरवर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळा आणि वेळ लिहून ठेवा. जांघेत किंवा काखेत कापड कोंबून दाबून धरा. घुसलेलं पातं काढू नका. जखमीला थंडीपासून वाचवा, रक्त गेलेलं शरीर फार लवकर गार पडतं. डोळ्यांत स्प्रे गेला असेल तर न चोळता भरपूर पाण्याने धुवा.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर आधी सुरक्षित जागा, मग डॉक्टर. जमलं तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. बदलावे लागले तर प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या प्रकारानुसार ७२ ते १२० तासांपर्यंत चालतात, त्याही जितक्या लवकर तितक्या चांगल्या. अंघोळ झाली असली तरी तपासणीला जा. पोलिसांकडे जायचं की नाही हे नंतर ठरवता येतं, औषधांना थांबायला वेळ नसतो.

कळवणं

मारहाण झाली नाही म्हणून तक्रार करायची नाही, असं बहुतेक जण ठरवतात. २०१९ च्या त्या हल्लेखोराने आधीच्या महिन्यातही वाटेवर लोकांना धमकावलं होतं, त्याला पकडून सोडलंही होतं, आणि चालणारे एकमेकांना त्याच्याबद्दल सावध करत होते. पोलीस, वनखातं आणि वाटेची देखभाल करणारी संस्था, तिघांनाही कळवा. आठवण ताजी असताना, तासाभरात, फोनमध्ये बोलून नोंद करा: वेळ, जागेचे आकडे, उंची, वय, चाल, बोलण्याची ढब, दात, गोंदण, बूट, सॅकचा रंग, कुत्रा होता का, कोणत्या दिशेने गेला, त्याचे नेमके शब्द. टोपी आणि जॅकेट तो बदलू शकतो, बूट आणि सॅक सहसा तेच राहतात. सोबत्यांनी एकमेकांशी चर्चा करण्याआधी आपापली नोंद वेगळी करावी, नाहीतर सगळ्यांच्या जबाबात एकाच माणसाची चूक उतरते.